मॅडम, तुमचं नाव देऊ का?

‘शब्द टाकणं’ आणि ‘रेफरन्स देणं’ या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते. शब्द टाकतात तो निर्णयाच्या आधी. “आमच्यातलीच मुलगी आहे, बघा जरा,” एवढ्यावर काम भागतं आणि मुलीला आयव्ही लावता येते की नाही हे कोणी विचारत नाही. रेफरन्स मागतात तो बहुधा मुलाखत पार पडल्यावर, आणि तिथे समोरचा माणूस प्रश्न ठरवून आलेला असतो. या सिस्टर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुमच्याकडे होत्या का? कुठल्या वॉर्डात? हजेरी कशी होती? औषध देण्यात कधी चूक झाली का, झाली तर त्यांनी आपणहून सांगितली का? उद्या परत आल्या तर घ्याल का? या शेवटच्या प्रश्नानंतर पलीकडे किती वेळ शांतता पसरते, याकडेही एचआरवाल्यांचे कान असतात.

नोकरी एकच बघायची असेल तर यात फार काही नाही. घोळ सुरू होतो तो तीन ठिकाणी एकदम चाचपणी चालू असताना. समजा, एक सिस्टर आहेत. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, सहा वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची चार वर्षं एकाच हॉस्पिटलच्या आयसीयूत. पुण्यातल्या एका कॉर्पोरेट हॉस्पिटलात पहिली फेरी झालेली, इंग्लंडमधल्या एका एनएचएस ट्रस्टची (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतली संस्था) ऑनलाइन मुलाखत पुढच्या आठवड्यात, आणि दुबईसाठी कागदपत्रं जमवणं सुरू. तिन्हीकडे कुठे ना कुठे एक रकाना आहेच: नाव, पद, फोन, ईमेल. आणि तिन्ही वेळा डोळ्यांसमोर येणारी व्यक्ती एकच, सध्याच्या हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, मेट्रन मॅडम.

मॅडमचा शब्द हा वापरला की थोडा झिजणारा ऐवज आहे. पहिला फॉर्म त्या नीट वाचून, आठवून, दोन चांगली वाक्यं स्वतःची घालून भरतील. पंधरा दिवसांत तिसरा आला की राउंड आणि मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत मधल्या चौकोनांवर खुणा करून पाठवून देतील. त्यात त्यांचा दोष नाही. शंभर-दीडशे नर्सेसची ड्युटी लिस्ट, रजा, सिक लीव्ह, ऑडिट हे सगळं सांभाळून केलेलं ते बिनपगारी काम आहे.

पण मॅडमना तीनदा त्रास द्यायची गरजच नसते, ही गोष्ट बहुतेकींच्या लक्षात येत नाही. तिन्ही ठिकाणी रकान्याचं नाव सारखं असलं तरी मागणी वेगवेगळी असते.

पुण्यातल्या हॉस्पिटलला हवं असतं मत, तेही बहुधा फोनवर. एनएबीएच हे गुणवत्तेचं राष्ट्रीय मानांकन असलेल्या हॉस्पिटलांना प्रत्येक नर्सच्या फाइलीत शिक्षण, नोंदणी आणि अनुभव पडताळल्याची नोंद ठेवावी लागते. ते काम एचआर किंवा त्यांनी नेमलेली पडताळणी कंपनी करते. त्यापलीकडे तिथल्या नर्सिंग हेडना कळायचं असतं ते हे की ही मुलगी व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकटी सांभाळेल का आणि रात्री तीन वाजता चिडचिड न करता काम करेल का. हे सांगू शकते ती वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. मेट्रन मॅडमपेक्षा तिनेच तुम्हाला काम करताना जास्त बघितलेलं असतं. म्हणजे इथे नाव इन्चार्ज सिस्टरचं, तेही आधीच्या नोकरीतल्या.

एनएचएसला हव्या असतात तारखा आणि वर्तनाची खात्री, लेखी. तिथला संकेत किमान मागच्या तीन वर्षांच्या नोकरीचा किंवा शिक्षणाचा हिशेब लावण्याचा आहे. आधी सशर्त ऑफर येते आणि मग ओळख, काम करण्याची परवानगी, नोंदणी व शिक्षण, नोकरीचा इतिहास व संदर्भ, पोलिसी नोंद आणि आरोग्य या सहा तपासण्या होतात. मधल्या काळात खंड असेल, अगदी बाळंतपणाचा किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा, तर तोही लिहावा लागतो. संदर्भ देणाऱ्याचं उत्तर संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून यावं अशी त्यांची अपेक्षा असते. जीमेलवरून आलेलं पत्र कितीही गोड असलं तरी ते पुन्हा खातरजमा करायला बसतात. इथे नाव मेट्रन मॅडमचं किंवा एचआरचं, म्हणजे ज्यांच्याकडे हॉस्पिटलच्या डोमेनचा ईमेल आहे आणि रेकॉर्ड बघायचा अधिकार आहे त्यांचं.

दुबईला तर या टप्प्यावर कोणाच्या मताशी देणंघेणं नसतं. आखातातल्या बहुतेक आरोग्य प्राधिकरणांची पडताळणी डेटाफ्लो नावाची कंपनी करते. ती तुमचं डिप्लोमा सर्टिफिकेट बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे, नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आणि अनुभवपत्र ते देणाऱ्या हॉस्पिटलकडे पाठवून एवढंच विचारते: हा कागद तुमचा आहे का, यातला मजकूर खरा आहे का? उत्तर ‘होय’ आलं तर अहवाल सकारात्मक. मजकूर जुळला नाही तर नकारात्मक. कोणी उत्तरच दिलं नाही तर ‘पडताळणी होऊ शकली नाही’, आणि हा तिसरा शेराही काम अडवून ठेवतो. इथे सांभाळायचं ते एचआरमधल्या त्या टेबलाला, जिथे असे ईमेल येऊन पडतात. अनुभवपत्रावर सही करणारा अधिकारी सोडून गेला असेल तर नव्या माणसाला जावक क्रमांकासह पत्राची प्रत आधीच नेऊन दाखवावी आणि “या पत्राबद्दल एक ईमेल येईल” असं सांगावं.

म्हणजे तीन ठिकाणी तीन वेगळी माणसं. मॅडमच्या वाट्याला एकच फॉर्म आला, आणि तो त्या नीट भरतील.

यात आखाताचा एक फास आहे, तो आधीच सांगितलेला बरा. सध्याच्या हॉस्पिटलचं अनुभवपत्र डेटाफ्लोला जोडलं की चौकशी सध्याच्याच एचआरकडे जाते, आणि तुम्ही निघायच्या तयारीत आहात हे हातात ऑफर नसताना जगजाहीर होतं. मुळात नोकरीवर असताना अनुभवपत्र मागितलं की भुवया वर जातातच. आधीच्या नोकरीच्या अनुभवावर पात्रता बसत असेल तर तेवढीच कागदपत्रं आधी द्यावीत. बसत नसेल तर चौकशी जाण्याच्या आदल्या दिवशी तरी मॅडमना स्वतः सांगावं. ही बातमी त्यांना एचआरकडून कळणं आणि तुमच्या तोंडून कळणं यात फार फरक आहे.

सध्याच्या हॉस्पिटलचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पुण्यातल्या अर्जात तिथलं नाव संदर्भ म्हणून देऊच नये. अर्जावर एक ओळ स्पष्ट लिहावी: ‘सध्याच्या ठिकाणी माझ्या लेखी संमतीशिवाय संपर्क करू नये.’ बऱ्यापैकी हॉस्पिटलं हे पाळतात. आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी लगेच आणि सध्याच्या नोकरीची रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावर, असा क्रम ती लावतात. मुलाखतीत तोंडीही सांगून टाकावं. त्यात लपवाछपवी काही नाही, पलीकडच्या टेबलावरची मंडळीही कधीतरी अशीच नोकरी बदलून तिथे आलेली असतात.

एनएचएसच्या बाबतीत मात्र सध्याचं हॉस्पिटल टाळता येत नाही. चार वर्षं एकाच ठिकाणी काढलेल्या सिस्टरची मागची तीन वर्षं म्हणजे सध्याची नोकरीच. तिथे प्रश्न फक्त ‘कधी’ एवढाच उरतो. उत्तर: सशर्त ऑफर लेखी आल्यावर. अर्जात संदर्भांची नावं आधी भरावी लागतात, पण मुलाखतीपूर्वी त्यांच्याशी संपर्क करायला हरकत आहे का असं विचारलेलं असेल तर ‘हरकत आहे’ वर खूण करावी. आजारपणाच्या रजांची माहिती ऑफरच्या आधी काढण्यावर तिथल्या २०१० च्या समानता कायद्याने बंधनं घातली आहेत. त्यामुळे ऑफरपूर्वी कोणी तुमच्या सिक लीव्हची चौकशी करत असेल, विशेषतः एजंट, तर सावध व्हावं.

सरकारी सेवेतल्या अधिपरिचारिकेला, म्हणजे स्टाफ नर्सला, ही सवलत नाही. तिचा अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत जातो आणि ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय पुढे सरकत नाही. तिथे गुपित ठेवण्यात अर्थच नसतो. उलट परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज), अधिसेविका (मेट्रन) आणि आस्थापना शाखेतले लिपिक या तिघांना एकाच दिवशी सांगून मोकळं व्हावं, कारण एकाला सांगितलेलं दुसऱ्याला संध्याकाळच्या ड्युटीपर्यंत कळतंच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी सिस्टर्सची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे दर थोड्या महिन्यांनी नवा आदेश निघतो आणि दोन आदेशांच्या मधला एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड परदेशी तपासनिसाला नोकरी सोडल्यासारखा दिसतो. सगळे आदेश क्रमाने लावून, वर एका कागदावर सलग तारखांचा तक्ता करून दिला की प्रश्न उपस्थित होत नाही.

आता विचारायचं कसं, यावर थोडं थांबू या. कारण इथेच भीड आडवी येते.

ओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवणं चालू असताना, कॉरिडॉरमध्ये, लिफ्टची वाट बघताना विचारू नये. सकाळी आठ ते दहा मॅडमचा राउंड असतो, दुपारी तीननंतर त्या टेबलाशी सापडतात. पाच मिनिटं मागून घ्यावीत आणि प्रश्न असा ठेवावा की त्यातून त्यांना मान राखून बाहेर पडता येईल. “मॅडम, रेफरन्ससाठी तुमचं नाव देऊ का? महिनाभरात एक लेखी फॉर्म येईल, वीसेक मिनिटं लागतील. तुम्हाला आत्ता वेळ नसेल तर मी एचआरचं नाव देते, काहीच अडचण नाही.” यावर उत्तर “दे की, त्यात काय विचारायचं” आलं तर होकार समजावा. “बघते हं” आलं तर तो नकार आहे. मराठीत ‘बघते’चा दुसरा अर्थ नाही. त्यावर “मग मी नंतर आठवण करते” असं म्हणून पाठपुरावा करणाऱ्या मुली स्वतःच्या हाताने कोमट रेफरन्स ओढवून घेतात, आणि कोमट रेफरन्स वाईटापेक्षा वाईट. वाईटाचा निदान खुलासा करता येतो.

होकार मिळाला की त्याच दिवशी त्यांना एक पानाचा कागद द्यावा, ईमेलनेही पाठवावा. त्यात काय असावं? नोंदणीत आहे तसं पूर्ण नाव. कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. एम्प्लॉयी कोड. रुजू झाल्याची तारीख, पदं आणि बदल्या तारखांसह. वॉर्ड कुठला, खाटा किती, एका नर्सकडे साधारण किती पेशंट. हाताखालून गेलेल्या गोष्टी: व्हेंटिलेटर, आर्टिरियल लाइन, सेंट्रल लाइनची निगा, डायलिसिसवरचा पेशंट, जे खरं असेल ते आणि तेवढंच. बीएलएस, एसीएलएस या जीवरक्षक प्रशिक्षणांच्या तारखा. मग ज्या जागेसाठी अर्ज आहे तिचं नाव, हॉस्पिटलचं नाव, फॉर्म कोणत्या ईमेल पत्त्यावरून येईल आणि साधारण कोणत्या आठवड्यात. आणि शेवटी एक ओळ, जी सहसा कोणी लिहीत नाही: ‘याशिवाय आणखी दोन ठिकाणी माझी प्रक्रिया चालू आहे, पण तिथे तुमचं नाव दिलेलं नाही.’

ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नर्सिंगचं जग बाहेरून अवाढव्य दिसतं, आतून ते एका आळीएवढं आहे. एका शहरातल्या नर्सिंग सुपरिटेंडेंट एकमेकींच्या बॅचच्या, एकाच कॉलेजच्या किंवा टीएनएआय या नर्सेसच्या संघटनेच्या कार्यक्रमात शेजारी बसणाऱ्या असतात. तुम्ही नाव दिलेलं नसलं तरी “तुमच्याकडची एक मुलगी आली होती हं मुलाखतीला” हा फोन जाऊ शकतो. तो थांबवायचा कुठलाही उपाय नाही. तो फोन आला तेव्हा मॅडमना हे आधीच ठाऊक असावं, एवढंच आपल्या हातात आहे. अर्थात सध्याच्या मॅडमना सगळं सांगण्याइतका विश्वास नसेल तर हा सल्ला गैरलागू. ते ज्याचं त्याने ओळखावं.

बाहेर कोणाला नाव दिलं, कोणाला कळवलं, कोणाचा फॉर्म आला, कोणी पाठवला याची एक वही ठेवावी. मोबाइलमधल्या नोंदी नकोत, सरळ आखलेली वही. हॉस्पिटल, जागा, फेरी आणि तारीख, दिलेली नावं, कळवल्याची तारीख, फॉर्म पोचल्याची तारीख, उत्तर गेल्याची तारीख. औषधांच्या चार्टवर दिल्या डोसची सही लगेच करायची सवय असलेल्या माणसाला हे जड नाही. दोन फॉर्म एकाच आठवड्यात एकाच बाईंकडे जाणार असं वहीत दिसलं तर एका ठिकाणी एचआरला लिहून आठवडा मागून घेता येतो. “माझे संदर्भ देणाऱ्या मॅडम ऑडिटमध्ये आहेत, पुढच्या सोमवारनंतर संपर्क केला तर लगेच उत्तर मिळेल.” असं पत्र मिळालं की एचआरला रागापेक्षा बरंच वाटतं, त्यांनाही न उचललेले फोन मोजायचे नसतात.

फोनचं दुखणं फार साधं आणि फार नेहमीचं. अनोळखी नंबर, वर मोबाइल दाखवतोय ‘स्पॅम’, आणि मॅडम राउंडवर. तीनदा फोन उचलला गेला नाही की फाइलीवर शेरा पडतो आणि ती बाजूला जाते. म्हणून संदर्भाच्या रकान्यात मोबाइलच्या जोडीला हॉस्पिटलचा लँडलाइन, एक्स्टेन्शन आणि ‘दुपारी ३ ते ५’ अशी वेळ लिहावी. मॅडमना फोनच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी: “उद्या-परवा रेफरन्ससाठी फोन येईल, लँडलाइन नंबर असेल.” आणि हो, बायोडेटावर कोणाचेही नंबर छापू नयेत. नोकरीच्या पोर्टलवर टाकलेला बायोडेटा कुठेकुठे फिरतो याचा पत्ता नसतो. मग मॅडमना विमा आणि कर्जवाल्यांचे फोन सुरू होतात आणि त्याचं खापर तुमच्या माथी फुटतं. ‘संदर्भ मागितल्यास दिले जातील’ एवढंच पुरे.

आता त्या चुका, ज्यांत कोणाचाही वाईट हेतू नसतो आणि तरी ऑफर अडकते.

पहिली नावाची. लग्नाआधी नोंदणी एका आडनावावर, नोकरी लागली दुसऱ्या आडनावावर, पासपोर्ट तिसऱ्याच क्रमाने: कुठे नाव-वडील-आडनाव, कुठे आडनाव आधी, कुठे पतीचं नाव मध्ये. वॉर्डात सगळे सासरच्या आडनावाने ‘शिंदे सिस्टर’ म्हणतात आणि फोनवर कोणी माहेरच्या नावाने विचारलं की इन्चार्ज म्हणते, “अशी कोणी आमच्याकडे नव्हती.” इतक्या साध्या उत्तराने माणूस खोटा ठरतो. कौन्सिलकडची नोंद बदलून घेणं हा खरा उपाय, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लावून. ते होईपर्यंत अर्जात ‘पूर्वीचं नाव’ हा रकाना भरावा आणि संदर्भ देणाऱ्या प्रत्येकीला दोन्ही नावं लिहून द्यावीत.

दुसरी तारखांची. अनुभवपत्रावर १ जून, पीएफच्या नोंदीत १ ऑगस्ट. कारण पहिले दोन महिने ट्रेनी म्हणून स्टायपेंडवर काढलेले. किंवा पगार हॉस्पिटलचा नव्हताच, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचा होता, म्हणून पीएफमध्ये कंपनीचं नाव निराळंच. पडताळणी कंपन्या यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकावरचा सेवेचा इतिहास मागतात, आणि तिथे नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारख्या दिसतात. मुलाखतींना निघण्यापूर्वी पीएफच्या पोर्टलवर जाऊन हे एकदा बघावं. फरक असेल तर तो अर्जातच एका वाक्यात सांगावा. तपासनिसाने शोधलेला फरक आणि तुम्ही सांगितलेला फरक यांचं वजन सारखं नसतं.

तिसरी, तालुक्याच्या ठिकाणच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमची. आपल्याकडच्या कितीतरी मुलींची पहिली नोकरी अशाच ठिकाणी होते. डॉक्टर मालक, त्यांच्या मिसेस हिशेब बघतात, मेट्रन नाही, एचआर नाही, ईमेल असलाच तर जीमेलवर आणि तो उघडतो कंपाउंडर. काम मात्र तिथेच सर्वांत जास्त शिकायला मिळालेलं: डिलिव्हरीपासून ड्रेसिंगपर्यंत सगळं. या अनुभवाला कागदी बळ द्यावं लागतं. लेटरहेडवर पत्र, त्यावर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, डॉक्टरांचा मेडिकल कौन्सिलचा क्रमांक, शिक्का, लँडलाइन. जोडीला पगार बँकेत आल्याच्या नोंदी. रोखीने पगार घेतला असेल तर इथे अडकायला होतं, आणि त्यावर नंतर केलेला इलाज सहसा दुसरी चूक असते. परदेशी अर्जात स्पष्ट लिहावं की संस्थेकडे स्वतःच्या डोमेनचा ईमेल नाही, पडताळणी पत्राने किंवा लँडलाइनवर करावी. आणि डॉक्टरांना समक्ष भेटून यावं. एसटीचं तिकीट काढून गेलेलं बरं, कारण चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या सिस्टरचं पूर्ण नाव त्यांना फोनवर आठवेलच असं नाही.

चौथ्या गोष्टीला चूक म्हणणं सौम्य होईल. एजंट स्वतःच रेफरन्सचा मजकूर तयार करून “मॅडमची फक्त सही घ्या” म्हणतो, किंवा दोन वर्षांच्या अनुभवाची तीन करून देतो, किंवा न विचारता एकच बायोडेटा चार हॉस्पिटलांना पाठवतो. मग मॅडमना अशा हॉस्पिटलचा फॉर्म येतो ज्याचं नावही तुम्ही ऐकलेलं नसतं. एजंटला पहिल्याच दिवशी ईमेलवर लिहून द्यावं: मला विचारल्याशिवाय बायोडेटा कुठेही पाठवू नये, संदर्भांशी परस्पर संपर्क करू नये. खोटं अनुभवपत्र पडताळणीत सापडलं तर एक नोकरी जाऊन भागत नाही, तो शेरा पुढच्या अर्जांतही आडवा येतो. आणि ज्या मॅडमनी भिडेखातर सही केली त्यांचंही नाव त्यात अडकतं.

नुकत्याच पास झालेल्या मुलींना वाटतं, आपल्याला कोण रेफरन्स देणार. प्राचार्या आणि एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, बस. प्राचार्यांना चेहरा आठवत नसेल, पण रेकॉर्ड त्यांच्याकडे असतं. इन्स्ट्रक्टरने तुमची केस प्रेझेंटेशनं आणि वॉर्डातली उठबस पाहिलेली असते. इंटर्नशिपच्या वॉर्डातली इन्चार्ज तिसरी. डॉक्टरचं नाव देण्याचा मोह टाळावा. कन्सल्टंटचं वजन मोठं वाटतं, पण नर्सिंग हेडला नर्सचं काम नर्सच्याच तोंडून ऐकायचं असतं.

जर्मनीचा विषय अलीकडे फार निघतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन भाषेचे वर्ग निघाले. तिथे नोकरी सोडताना लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्या पत्रांची एक सांकेतिक भाषाच तयार झालेली आहे. ‘पूर्ण समाधान दिलं’ हा तिथे जेमतेम बरा शेरा. ‘नेहमीच पूर्णातिपूर्ण समाधान दिलं’ असं, व्याकरणाला न जुमानता लिहिलं, तर तो उत्तम. असल्या वाचकापुढे आपलं ‘शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ असं दोन ओळींचं अनुभवपत्र ठेवलं की त्याला वाटतं, हॉस्पिटलला सांगण्यासारखं काही नव्हतं. तिकडे अर्ज करायचा असेल तर कामांची यादी, विभाग, खाटा, आठवड्याचे तास असं सविस्तर पत्र मागून घ्यावं.

काही जणींच्या मागे एखादं लचांड असतं. मेमो मिळालेला, औषधाच्या चुकीचा इन्सिडेंट रिपोर्ट झालेला, किंवा नोटीस न देता घरच्या अडचणीमुळे नोकरी सोडलेली आणि रेकॉर्डवर ‘अॅब्सकाँडिंग’ असं लागलेलं. अशा ठिकाणचं नाव गाळून मधे खंड दाखवणं हा सुचणारा पहिला मार्ग, आणि पीएफच्या नोंदीमुळे आजकाल न टिकणारा. मुलाखतीतच, त्यांनी विचारण्याच्या थोडं आधी, तीन वाक्यांत सांगावं: काय झालं, तेव्हा लगेच काय केलं, आता कशी खबरदारी घेते. चौथं वाक्य कोणाच्या तरी तक्रारीचं असतं, ते गिळावं. नोटीस पिरियडचे पैसे भरून जुनं प्रकरण मिटवता येत असेल आणि रिलीव्हिंग लेटर मिळत असेल तर मुलाखतींच्या फेऱ्या सुरू होण्याआधी ते करून घ्यावं. पैसे जातात, पण पुढच्या प्रत्येक अर्जातला एक खुलासा वाचतो.

राजीनाम्याची घाई मात्र नको. ऑफर लेटर आलं म्हणजे नोकरी झाली असं नाही. त्यावर ‘पडताळणी समाधानकारक झाल्यास’ ही ओळ असते. एनएचएसच्या सशर्त ऑफरवर राजीनामा देऊन घरी बसलेल्या मुलीची तपासणी संदर्भ न आल्याने आठवडेच्या आठवडे लांबते, आणि दरम्यान पगार थांबलेला. पुण्यात एक ते तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते, म्हणून तिथे घासाघीस रुजू होण्याच्या तारखेवर करावी. पडताळणीचं काय झालं हे ईमेलवर विचारून, ईमेलवरच उत्तर घेऊन मग राजीनामा.

तीनपैकी एक जागा पक्की झाली की उरलेल्या दोघांना त्याच दिवशी कळवावं. त्यांच्याकडे तुमच्या संदर्भांचे फॉर्म अजून सुटायचे असतात. न कळवल्यास इन्चार्ज सिस्टरला महिन्याभराने अशा नोकरीबद्दल फोन येतो जी तुम्ही केव्हाच नाकारलीय, आणि ती बिचारी राउंड सोडून पंधरा मिनिटं तुमचं कौतुक करते. ज्यांचं नाव दिलं पण लागलं नाही त्यांनाही सांगावं. “सिस्टर, तुमच्यापर्यंत यायची वेळच आली नाही, पण तुम्ही हो म्हणालात म्हणून धीर होता.”

पेढे नंतर. फॉर्म भरायच्या आधी मॅडमच्या टेबलावर पुडा ठेवला तर रेफरन्सचा वशिला होतो, आणि कडक शिस्तीच्या मॅडम तो परत पाठवतात. रुजू झाल्यावर ठेवला तर नुसते पेढे. आणि पुडा घेऊन जाल तेव्हा सहज म्हणून विचारून ठेवावं की मॅडमची निवृत्ती कधी आहे. राज्य सरकारी सेवेत ५८ ला खुर्ची सुटते, आणि त्या दिवशी हॉस्पिटलचा ईमेलही बंद होतो. त्यांचा घरचा नंबर आणि स्वतःचा ईमेल त्याआधी घेतलेला असावा, आणि त्या सहीचं अनुभवपत्रही.